कंपोजच्या काळातली माणसं

आमच्या घरांमध्ये औषधांची कमी कधीच नव्हती. पांढुर्ण्याच्या मोठ्या घरी देवघराशेजारच्या फळीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असे. त्यात अमृतांजनची बाटली, सॅरिडॉन, पोट बिघडलं की द्यायची एंटरोक्विनॉल, पिवळ्याजर्द बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, काकाजींची बीपीची अडेल्फेन, आणि तळाशी रुमालात गुंडाळलेली कंपोज. सौंसरला आत्याकडे डबा वेगळा, माल तोच. साठ-सत्तरच्या दशकांत जन्मलेली आम्ही चुलत-आते भावंडं उन्हाळ्यात या दोन घरांमध्ये वाटून दिलेली असायचो. दोन्हीकडे नियम एकच होता: डब्यातलं काही हवं तर विचारून घ्या, रुमालातलं विचारूही नका.

रुमालातली गोळी मोठी आई घेत असे. रात्री सगळ्यांची जेवणं उरकली, चुलीपुढचं सारवण झालं की ती पानदान पुढे ओढायची. सुपारी कातरून झाली की त्याच अडकित्त्याच्या पात्याखाली ती पांढरी गोळी ठेवायची आणि अगदी हलक्या हाताने दाबायची. दोन सारखे तुकडे व्हायला हवेत. कधी एक मोठा, एक बारका झाला की मोठा आज, बारका उद्या. पडलेला चुरा बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावायची. वाया काहीच जाऊ द्यायचं नाही, हा त्या पिढीचा धर्मच होता. अर्ध्या तासात तिचा चेहरा सैल पडे आणि आम्हाला गोष्ट सांगता सांगता ती मध्येच कुठेतरी थांबे. राक्षस तळ्यात तसाच उभा राही, राजकन्या माडीवर.

कंपोज हा त्या काळचा परवलीचा शब्द. रॅनबॅक्सीने १९६९ साली बाजारात आणलेली ही गोळी म्हणजे डायझेपाम. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने हॉफमन-ला रोश कंपनीत शोधलेलं हे औषध १९६३ मध्ये व्हॅलियम नावाने अमेरिकेत आलं आणि पाहता पाहता जगभरच्या गृहिणींच्या उशाशी गेलं. आमच्याकडे ते नागपूरहून, औषधांच्या खोक्यांबरोबर मेडिकलच्या दुकानात आलं. पहिली चिठ्ठी कुणा डॉक्टरने लिहिली असेलच. त्यानंतर चिठ्ठी कुणी विचारली नाही. आमच्यापैकी एखाद्या पोट्ट्याला हाक मारून पाठवायचं, "मेडिकलवाल्याले सांग, मोठ्या आईची गोळी दे," एवढं पुरे.

तिला झालं काय होतं? तिच्या तोंडून ऐकलं तर सगळं शरीराचंच. "रातभर डोळ्याले डोळा लागत नाई." "छातीत कोणी मुसळानं कुटून रायलं." "हातापायाले मुंग्या येते अन् जीव असा घाबरते का आता जाते का मंग जाते." उदास वाटतं, भीती वाटते, असं तिने कधी म्हटल्याचं आठवत नाही. म्हणायचं तरी कुणापुढे? घरात चौदा माणसं जेवायला, गोठ्यात बैल, संत्र्याच्या बगीच्यात मजूर. छातीत धडधडतं म्हटलं तर निदान डॉक्टरसाहेबांकडे नेत. ते नाडी बघत, बीपी घेत, एक इंजेक्शन टोचत. ते बहुधा बी-ट्वेल्व्हचं, लाल रंगाचं. लाल इंजेक्शनवर आमच्या लोकांची फार श्रद्धा. फार झालं तर सलाईन. सलाईन लागली की आजार खरा ठरला, भेटायला माणसं आली, दोन दिवस चूल दुसरीने पेटवली. मोठ्या आईला त्या बाटलीतल्या ग्लुकोजपेक्षा त्या दोन दिवसांचाच गुण येत असावा, असं मला आज वाटतं.

आता वाचताना वाटेल की हे लोक अडाणी होते. मुळीच नाही. बगीच्यात कुठल्या झाडाला कोणती कमी आहे हे पानावरून सांगणारी ही माणसं. दोन भाषांत कोर्टकचेऱ्या करणारी. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि विदर्भ मुंबई राज्यात गेला, तेव्हा आमची राजधानी नागपूरची भोपाळ झाली. पण दुखणं, लग्नाचा बस्ता आणि दैनिक पेपर नागपूरचाच राहिला. तेव्हा आजार डॉक्टरसाहेबांच्या हाताबाहेर गेला की नागपूर, हे ठरलेलं. फक्त एका आजारासाठी नागपूरचं नाव काढायचं नाही, असाही दंडक होता.

त्याला कारण होतं एसटीचा रस्ता. पांढुर्ण्याहून निघा की सौंसरहून, दोन्ही वाटा सावनेरला मिळतात. मग पाटणसावंगी, कोराडीची देवी, मानकापूर, आणि नागपुरात शिरता शिरता उजाडणारं ते नाव: पागलखाना चौक. प्रादेशिक मनोरुग्णालयाची ती लांबच लांब भिंत. १८६४ पासूनची ही संस्था. आमच्या आजीच्या आजीनेही तिचं नाव ऐकलं असणार. कंडक्टर खणखणीत आवाजात स्टॉप पुकारायचा, दोन-चार माणसं निर्विकारपणे उतरायची, आणि गाडीतली आमची मंडळी हटकून दुसऱ्या खिडकीकडे बघायची. आमच्या पिढीच्या मनात वेड लागणं, उदास होणं आणि घाबरणं या तिन्हींचं तिकीट त्या एकाच स्टॉपचं होतं. मग ते कापायचं कुणी? त्यापेक्षा रुमाल बरा.

गंमत म्हणजे डोकं फुटण्याची आमच्या गावाला कधीच लाज नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि पांढुर्णा नि सावरगावची माणसं एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. गोटमार देशभर गाजलेली आहे. टाके पडलेला माणूस वर्षभर कपाळ पुढे करून हिंडे. आतून डोकं धरलेल्याला मात्र मागच्या खोलीत गादी.

आत्याची गोष्ट सौंसरची. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत तिला झटके सुरू झाले. दातखिळी नाही, फेस नाही. एकदम श्वास लागायचा, हात थंड, डोळ्यांपुढे अंधारी, आणि आता मी मरते अशी खात्री. दहा-पंधरा मिनिटांत ओसरायचं. कुणी म्हणालं हिस्टेरिया, कुणी म्हणालं बाळंतपणाचा वात. सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं आहे. बाहेरचं म्हटलं की सौंसरला फार दूर जावं लागत नाही. जामसावळी हाकेच्या अंतरावर. पिंपळाखाली निजलेल्या मुद्रेतला हनुमान, त्याच्या नाभीजवळून येणारं पाणी तीर्थ म्हणून देतात. पिढ्यान्‌पिढ्या मनाने मोडलेली माणसं तिथे येत आली आहेत, विदर्भातून, पार बैतुलपासून. २०२३ मध्ये तिथे हनुमान लोक या मंदिर-प्रकल्पाचं भूमिपूजनही झालं. आम्ही पाहिलं ते मात्र साधं देऊळ, पालं टाकून राहिलेली कुटुंबं, आणि आरतीच्या वेळी केस मोकळे सोडून घुमणाऱ्या बाया.

आत्या तिथे आपल्या आईसोबत राहिली. सकाळी परिक्रमा, तीर्थ, दोन वेळची साधी भाकरी, दुपारी पिंपळाखाली झोप. सासरचं पाणी भरणं नाही, दिराची बोलणी नाहीत, सोबत स्वतःची आई. परत आली ती बरीच सावरून. मारुतीला मानणारी ती आजही आहे. तिच्या श्रद्धेवर टीका करण्याचं मला काही कारण दिसत नाही. जिथे माणसाला साखळीने बांधतात, तिथे मात्र श्रद्धेचं नाव घेऊ नये. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडांमुळे अठ्ठावीस मनोरुग्णांना पळताही आलं नाही. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात पुढे दुआ करणारे आणि दवा देणारे शेजारी बसू लागले. मुजावरच माणसाला पलीकडच्या खोलीत डॉक्टरकडे धाडतात. अशी खोली आपल्या प्रत्येक मोठ्या देवस्थानी हवी, हे माझं स्पष्ट मत आहे. जामसावळीला तर आधी.

मोठ्या काकाजींचं प्रकरण या दोघींपेक्षा वेगळं. त्या वर्षी बगीच्यावर कोळशी पडली. पानांवर काजळी धरली, आंबिया बहार गेला, पाठोपाठ मृगही. सोसायटीचं कर्ज होतं, पण कर्ज त्यांना नवं नव्हतं. हळूहळू ते बोलेनासे झाले. छपरीत खाटेवर बसायचे, समोर चहाचा कप गार होऊन वर साय धरायची. पहाटे तीनला जाग, मग झोप नाही. जेवण दोन घास. बगीच्याकडे जाणं बंद. पाहुणे म्हणत, "घुमे झाले." घरात सगळ्यांना वाटे, कोळशीचा धक्का. धक्का होताच. पण धक्क्यातून माणूस सहा महिन्यांत थोडा तरी वर येतो. ते खाली खालीच जात होते.

इथे त्या डब्यातल्या दुसऱ्या गोळीचं थोडं सांगायला हवं. काकाजी घेत ती अडेल्फेन. तिच्यात रेसर्पिन असे आणि रेसर्पिन येतं आपल्याच सर्पगंधेच्या मुळातून. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या कलकत्त्याच्या वैद्यक-संशोधकांनी १९३१ मध्येच लिहिलं होतं की ही मुळी वेड आणि रक्तदाब दोन्हींवर चालते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरचा तिचा गुण मांडला आणि जगाने दखल घेतली. १९५२ ला स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढलं. पुढे डॉक्टरांच्या लक्षात आलं की ते घेणारी काही माणसं सुन्न, उदास होतात. मेंदूतल्या सेरोटोनिन-नॉरअॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा उदासीशी काही संबंध असावा, हा विचार रुजायला ही एक गोष्ट कारण झाली. रेसर्पिनने किती जणांना खरंच उदासी आली यावर पुढे वाद झाले, आणि काकाजींच्या आजारात तिचा वाटा होता की नाही हे आता कुणीच सांगू शकणार नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी मात्र पहिल्याच भेटीत ती गोळी बदलली.

हो, नागपूर शेवटी झालंच. मेडिकल कॉलेजात शिकणारा आमचाच एक भाऊ हट्टाला पेटला. पण काकाजींना सांगितलं काय, तर डोकेदुखीच्या डॉक्टरकडे जातो. दवाखाना धंतोलीकडचा, म्हणजे तो चौक ओलांडून पुढे. गाडीत काकाजींनी भिंत गेल्यावर सुस्कारा सोडला, असं भाऊ अजून सांगतो.

त्यांना मिळालं इमिप्रामिन. उदासीवरचं हे पहिल्यावहिल्यांपैकी औषध. स्वित्झर्लंडच्या म्युन्स्टरलिंगेनच्या इस्पितळात रोलांड कून नावाचे डॉक्टर ते स्किझोफ्रेनियावर वापरून बघत होते. तिथे ते चाललं नाही, पण उदास रुग्ण काही आठवड्यांनी उठून बसले, बोलू लागले. १९५७ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्याच सुमारास अमेरिकेत क्षयरोग्यांना दिलेल्या इप्रोनियाझिडने ती माणसं वॉर्डात नाचू लागल्याचं दिसलं होतं. उदासीची औषधं अशी दुसरं काही शोधताना सापडली. कशी काम करतात याचा पुरता उलगडा आजही नाही. मेंदूत अमुक द्रव्य कमी पडलं, गोळीने भरून निघालं, हे सांगायला सोपं आहे, पण अपुरं आहे.

इमिप्रामिनने पहिले दोन आठवडे काकाजींना छळलं. तोंड कोरडंठाक, पोट साफ नाही, उभं राहिलं की चक्कर. खिशात खडीसाखर ठेवून ते दिवस काढायचे. "बिमारीपेक्षा दवाई भारी," म्हणत. मोठी आई तर उघड विरोधात. तिची गोळी अर्ध्या तासात लागू पडे, ही पंधरा दिवसांनीही काही करीना. म्हणजे दवाई खोटी! साऱ्या घराचा औषधाकडे बघण्याचा काटा तिथेच अडकला होता. गुण म्हणजे तात्काळ. लाल इंजेक्शन, सलाईन, कंपोज. चौथ्या आठवड्यात एका सकाळी चहा पिताना काकाजींनी विचारलं, "संत्र्याले भाव काय चालू हाय?" कुणी काही बोललं नाही. मोठी आई उठून आत गेली आणि देवापुढे साखर ठेवली.

तीन महिन्यांत ते पूर्वीसारखे झाले आणि त्यांनी गोळ्या बंद केल्या. बरा झालो न मी, मग कायले? पुढच्या पोळ्याला बैल सजले तेव्हा ते पुन्हा छपरीत खाटेवर बसलेले होते. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी कागदावर मोठ्या अक्षरांत तारीख लिहून दिली, या तारखेआधी एकही गोळी सोडायची नाही. त्यांनी ती पाळली. आज सगळीकडे हेच सांगतात: पहिल्यांदाच उदासीचा आजार झाला असेल तर पूर्ण बरं वाटू लागल्यानंतरही निदान सहा महिने औषध चालू ठेवावं, पुन्हा पुन्हा येत असेल तर आणखी बरंच. आणि सोडायचं ते उतरणीने, डॉक्टरच्या सांगण्यावरून.

गेल्या काही वर्षांत हे सारं आमच्या घरात उघड बोललं जाऊ लागलं, ते एका भाचीमुळे. नागपुरात नोकरी करणारी ही मुलगी दिवाळीला पांढुर्ण्याला आली आणि सकाळी फराळाच्या ताटाशेजारी, सर्वांच्या बीपी-शुगरच्या पट्ट्यांच्या रांगेत, तिने आपली पट्टी ठेवली. एस्सिटालोप्राम. आता ऐंशीच्या घरातल्या आत्याने चष्मा वर करून पाहिलं.

"ही कायची वं?"

"मन लागत नव्हतं आजी. घाबरं पण फार व्हायचं. लिफ्टमध्ये श्वासच घेता यायचा नाही."

"हातपाय थंड पडत?"

"हो."

"अन् मरतो असं वाटे?"

भाचीने मान हलवली. आत्या थोडा वेळ चकलीच्या तुकड्याशी चाळा करत राहिली. "गुण किती वेळात येते?"

"मला पाचव्या हप्त्यात आला."

"पाच हप्ते?" आत्याने हिशेब केला. "जामसावळीले मी बी सव्वा महिना होती."

या वाक्यावर घरात हशा झाला, पण मला ते फार विचार करायला लावणारं वाटलं. कामातून सुटका, आईची सोबत, ठरलेल्या वेळी जेवण-झोप, यांनी काही माणसं खरंच सावरतात. सौम्य उदासीत तर डॉक्टरही पहिल्याच भेटीत गोळी लिहिण्याची घाई करत नाहीत. बोलून उपचार, व्यायाम, मोडलेला दिनक्रम पुन्हा लावणं, यानेही उतरतं. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि संगत संस्थेने दाखवून दिलं की नीट शिकवलेल्या, डॉक्टर नसलेल्या माणसांनीही ठरावीक बैठकींमध्ये उदासीच्या रुग्णांना उभं करता येतं. आणि आपल्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात विश्राम नावाचा उपक्रम तीस गावांत चालला, तेव्हा उदासी असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे शंभरात चारांवरून सत्तावीसवर गेले. तिथे हे काम गावातल्याच कार्यकर्त्यांनी केलं. पांढुर्ण्याच्या हद्दीपासून त्या जिल्ह्यातलं वरूड किती लांब आहे?

पण आत्याचे झटके पुढे वीस वर्षं येत-जात राहिले, हेही खरं. मध्यम किंवा तीव्र आजारात गोळी लागते आणि आता ती काकाजींच्या वेळेपेक्षा पुष्कळ सुसह्य आहे. फ्लुओक्सेटिन १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत मंजूर झालं, प्रोझॅक या नावाने गाजलं. मग सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, सिटालोप्राम, एस्सिटालोप्राम आली. उदासी आणि चिंता दोन्हींसाठी आज बहुधा यांच्यातलंच एखादं पहिल्यांदा दिलं जातं. लहान डोसने सुरुवात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता, कधी झोप कमी तर कधी जास्त. कित्येक जण इथेच सोडून देतात, आणि सोडण्याचं हेच सर्वांत चुकीचं ठिकाण. शरीरसुखाची इच्छा मंदावते, हा त्रास बरेच दिवस राहू शकतो. आपल्याकडे नवरा-बायको तो डॉक्टरला सांगत नाहीत, गुपचूप गोळी टाकतात. सांगितलं तर औषध बदलता येतं. म्हाताऱ्यांत रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून तपासणी. पंचविशीच्या आतल्या मुलांकडे सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी बारीक लक्ष ठेवायचं, कारण क्वचित मरणाचे विचार वाढतात.

अंगदुखी सोबत असेल तर ड्युलोक्सेटिन, झोप आणि भूक दोन्ही गेली असतील तर मिर्टाझापिन, अशी निवड डॉक्टर माणूस पाहून करतात. जुनी अमिट्रिप्टिलिन-इमिप्रामिनही गेलेली नाहीत. थोड्या डोसात ती नसांच्या दुखण्यावर, मायग्रेनवर सर्रास देतात, मात्र जास्त घेतली गेली तर हृदयाला घातक. नुसती धडधड आणि हात कापणं असेल तर प्रोप्रॅनोलॉल लिहितात, पण दमेकऱ्याला नाही. एखाद्याला मधूनच कमालीचा जोर चढून रात्र-रात्र न झोपता बेत करण्याची सवय असेल तर ते आधी सांगायलाच हवं. त्या आजारात नुसतं उदासीचं औषध माणसाला उलट्या टोकाला फेकतं, तिथे लिथियमसारखं वेगळं औषध लागतं. पहिलंच औषध सगळ्यांना पुरतं असंही नाही. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेले सुमारे तिसरा हिस्साच होते. बाकीच्यांना डोस वाढवावा लागला, बदल करावा लागला. संत्र्याचं कलम पहिल्याच वर्षी फळत नाही म्हणून आमच्याकडे कुणी उपटून टाकलेलं नाही, गोळीच्या बाबतीत मात्र पंधरा दिवसांत निकाल.

या गोळ्यांची सवय लागते का, हा आत्याचा पुढचा प्रश्न होता, आणि तो प्रत्येक घरात येतो. डोस वाढवत न्यावा लागतो, त्याच्यासाठी जीव तळमळतो, तशी लत या गोळ्यांची लागत नाही. एकाएकी बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झिणझिण्या येतात, म्हणून उतरणीने सोडायच्या. लत लागते ती रुमालातल्या गोळीची. डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम हे एकच खानदान. घाबरं झाल्याक्षणी आधार म्हणून, दोन ते चार आठवड्यांसाठी त्यांचा उपयोग मोठा आहे. वर्षानुवर्षं घ्यायला त्या नाहीत. २०१४ पासून त्यांच्यातल्या बऱ्याच औषधांवर शेड्यूल एच-वनची लाल खूण आली, मेडिकलवाल्याने रुग्णाचं, डॉक्टरचं नाव वहीत लिहून ती तीन वर्षं जपायची असते. आमच्या मोठ्या आईचं नाव अशा कुठल्या वहीत कधी चढलं असतं, तर कुणीतरी तिला विचारलं असतं.

विचारलं ते खूप उशिरा. सत्तरी ओलांडल्यावर एका पहाटे ती न्हाणीकडे जाताना पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. नागपुरात ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी चालू औषधं विचारली. बीपीची सांगितली. कंपोज कुणाच्या ध्यानातच नव्हती, ती औषधात धरलीच नव्हती. तिसऱ्या दिवशी मोठी आई थरथरू लागली, भलतंसलतं बडबडू लागली, मेलेल्या सासूशी बोलू लागली. तेव्हा रुमाल उघडला. गोळी अचानक तुटल्याने झालेलं ते. डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली आणि मग कित्येक महिन्यांच्या उतरणीने, अर्ध्याची पाव करत, सोडवली. सोबत सर्ट्रालिन चालू केलं. त्यानंतरच्या काही वर्षांत आम्ही एक वेगळीच मोठी आई पाहिली. दुपारी जागी असणारी, पत्त्यांत लबाडी करणारी, आणि गोष्ट शेवटपर्यंत सांगणारी. आमच्या नातवंडांना राक्षसाचा पुढे काय निकाल लागला ते कळलं, आम्हाला कळायला पन्नाशी उजाडली.

त्या पिढीने औषध घेतलं नाही असं म्हणवत नाही. घेतलं, आयुष्यभर घेतलं. फक्त कशाचं घेतोय हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि पुन्हा दाखवायला या, असं कुणी म्हटलं नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशही होता. मनाच्या वेगवेगळ्या आजारांत शंभरातले सत्तर ते ब्याण्णव लोक उपचाराविनाच राहतात, असं त्यात देशभराचं चित्र निघालं. या आकड्यात रुमालवाले कुठे मोजले असतील कोण जाणे.

५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा स्वतःच जिल्हा झाला आहे, सौंसर त्यातच. आता छिंदवाड्याला हेलपाटे नकोत, असं सगळे म्हणतात. कलेक्टर कचेरी, फलक सगळं आलं. जिल्ह्याच्या इस्पितळात मनाच्या डॉक्टरची खुर्ची भरलेली राहावी, यासाठी मात्र कुणी मोर्चा काढलेला अजून मी पाहिलेला नाही. संत्र्याच्या भावासाठी काढतो, तसा काढायला हरकत नाही.

तोवर एवढं करा. या दिवाळीत गावी जाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा डबा त्यांच्यासोबत बसून पाहा. झोपेची किंवा घाबरण्याची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ती फेकू नका, एका रात्रीत बंदही करू नका. पट्टी सोबत घेऊन डॉक्टरकडे जा आणि किती वर्षांपासून चालू आहे ते खरं सांगा. जवळ डॉक्टर नसेल, किंवा कुणाच्या तोंडून मरणाची भाषा ऐकू आली, तर टेलि-मानसला फोन लावा. सरकारी सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र चालू असते, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं.